एका डोळ्याचा सर्जन

ब्रँच बदलून घेणारे आपल्याकडे दरवर्षी दोन-चार असतातच. पण पहिल्या वर्षानंतर इंजिनिअरिंगच सोडून मेडिकलला जाणारा मला तरी एकच माहीत आहे, आणि त्याच्या नावाने आज एक कॅन्सर ओळखला जातो. डेनिस बर्किट!

जन्म २८ फेब्रुवारी १९११, आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावी. वडील जिल्ह्याचे इंजिनिअर, रस्ते आणि पूल बघणारे. पण त्यांचा खरा जीव पाखरांत. रॉबिन पक्ष्यांच्या पायात कड्या घालून कोणाचा इलाखा कुठवर, याचे नकाशे ते बनवायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डेनिसचा एक डोळा अकराव्या वर्षी अपघातात गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंजिनिअरिंगला नाव घातलं, मग मन बदललं आणि पठ्ठ्या १९३५ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. पुढे सर्जन झाला, पण एका डोळ्याचा सर्जन नको म्हणून आफ्रिकेतल्या सरकारी नोकरीचा अर्ज नाकारला गेला. मग युद्ध आलं, लष्करात डॉक्टर लागले तेव्हा मात्र कोणी डोळे मोजले नाहीत. १९४६ मध्ये तो युगांडात पोचला.

१९५७. कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात एक लहान मुलगा आला, जबडा दोन्ही बाजूंनी वर-खाली सुजलेला. थोड्याच दिवसांत जिंजा गावच्या दवाखान्यात अगदी तसंच दुसरं मूल, पोटातही गाठी. अशी मुलं काही महिन्यांतच जायची. डॉक्टरांनी ती आधीही पाहिली होती, पण जबड्याची गाठ एका वहीत, किडनीची दुसऱ्या, अंडाशयाची तिसऱ्या! बर्किटने जुनी रेकॉर्ड काढली आणि हा सगळा एकच रोग आहे हे ओळखलं. पॅथॉलॉजिस्टांनी सांगितलं, लिम्फोमा.

सर्जरीचा उपयोग शून्य. मग निदान हा रोग कुठे होतो आणि कुठे नाही एवढं तरी बघू, म्हणून त्याने आफ्रिकाभर फोटोसह पत्रकं पाठवली. उत्तरांतून नकाशावर विषुववृत्ताभोवती एक पट्टा उमटला. त्याची कड नेमकी कुठे, हे पाहायला १९६१ मध्ये दोन मिशनरी डॉक्टर मित्रांना घेऊन, सेकंडहँड फोर्ड गाडीतून तो निघाला. दहा आठवडे, सोळा हजार किलोमीटर. दवाखान्यात शिरायचं, फोटो दाखवायचे, असं मूल पाहिलंय का विचारायचं. बस्स! वडिलांच्या रॉबिनचीच पद्धत.

युगांडाजवळ पाच हजार फुटांवर हा रोग नव्हता. पण दक्षिणेकडे जावं तशी ही उंचीची मर्यादा खाली येत गेली. म्हणजे खरा व्हेरिएबल उंची नव्हे, तापमान! जिथे पारा साधारण १६ अंशांखाली जात नाही आणि वर्षाला ५० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तिथेच हा रोग. हा तर डासांचा नकाशा झाला. बर्किटचा तर्क असा, की डास एखादा व्हायरस पसरवत असणार.

त्याच वर्षी लंडनला त्याचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन बसला होता. कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे येऊ लागले, पण दोन वर्षं हाती काहीच नाही. एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळलं, नमुना उशिरा आला, पाणी गढूळ. सडला म्हणून टाकूनच द्यायचा! पण मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर जिवंत पेशी तरंगत होत्या. १९६४ मध्ये त्या पेशींच्या वाढवलेल्या पिढ्यांत व्हायरस सापडला. तोच एप्स्टाइन-बार व्हायरस.

गंमत म्हणजे तो डासांतून नव्हे, लाळेतून पसरतो. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या अंगात तो असतो, तुमच्या-माझ्याही असणार. डास आणतो तो मलेरिया. वारंवार मलेरिया झाला की मुलांच्या बी पेशी सतत विभागत राहतात, व्हायरसवरचा पहारा ढिला पडतो. त्या धांदलीत आठव्या क्रोमोसोमचा तुकडा बहुधा चौदाव्याला जोडला जातो, मिक नावाचं जीन चालूच राहतं. अ‍ॅक्सिलरेटर अडकलेली गाडी! मला वाटतं, तर्काचा एक दुवा चुकूनही नकाशा बरोबर ठरला, कारण नकाशात तर्क नव्हता, नोंदी होत्या. हाच व्हायरस मल्टिपल स्क्लेरोसिस या ऑटोइम्यून रोगामागेही असल्याचा भक्कम पुरावा २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांतून मिळाला.

कंपालात रेडिएशनचं मशीन नव्हतं. म्हणून बर्किटने औषधं देऊन पाहिली, त्यातलं एक मेथोट्रेक्सेट. भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत घडलेलं हे औषध. गाठी विरघळू लागल्या, काही मुलं चक्क बरी होऊन घरी गेली. केमोथेरपीवर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता!

१९६६ मध्ये तो लंडनला परतला आणि तीच पत्रकांची युक्ती आहारावर चालवली. जेवणात कोंडा, भाज्या, फायबर असावं हे आज सगळे सांगतात, त्यामागे बर्किटचा मोठा हात. (मेस कमिटीने नोंद घ्यावी.)

२३ मार्च १९९३ ला तो गेला. श्रीमंत देशांत आता या लिम्फोमाची दहापैकी नऊ मुलं वाचतात. ज्या पट्ट्यात तो फोर्ड घेऊन फिरला, तिथे हा आकडा अजून बराच खाली आहे.