वर्तुळात फिरण्याचं गणित 1659 मध्येच सुटलं होतं, पण ते सिद्धतेसह छापायला 44 वर्षं लागली : गोष्ट क्रिस्तियान हायगेन्सची

घाटात गाडीनं जोरात वळण घेतलं की आपण दाराकडे ढकलले जातो. वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरला की कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर पडतं. जत्रेत मौत का कुआँमधला मोटारसायकलवाला उभ्या भिंतीवर गाडी पळवतो आणि खाली पडत नाही.

तिन्हींमागचं गणित एकच आहे. ते पहिल्यांदा नीट मांडलं एका 30 वर्षांच्या डच माणसानं. नाव क्रिस्तियान हायगेन्स. शाळेत त्याचं नाव प्रकाशलहरींच्या धड्यात येतं. वर्तुळाकार गती म्हटलं की मात्र आपल्याला आठवतो न्यूटन. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर हायगेन्सचं आयुष्य बघावं लागतं.

घरातच विज्ञान

हायगेन्सचा जन्म 14 एप्रिल 1629 चा, नेदरलँड्समधल्या द हेग शहरातला. वडील कॉन्स्टंटाइन हे ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रांचे सचिव आणि नावाजलेले कवी. त्या काळातला मोठा विचारवंत देकार्त त्यांचा मित्र होता. क्रिस्तियान 16 वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकला. मग लायडन आणि ब्रेडा इथं त्यानं कायदा आणि गणिताचा अभ्यास केला. वडील त्याला कौतुकानं अर्किमिडीज म्हणायचे.

कौतुक वाया गेलं नाही. भावासोबत त्यानं स्वतः भिंगं घासून दुर्बीण बनवली आणि 1655 मध्ये शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन शोधला. 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. त्याआधीची घड्याळं दिवसाला साधारण 15 मिनिटं चुकायची, याच्या घड्याळाची चूक काही सेकंदांवर आली. 1659 मध्ये शनीभोवती कडं आहे, हेही त्यानं जगाला सांगितलं.

त्याच वर्षी तो एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागला.

चाकावरचा माणूस आणि शिशाचा गोळा

हायगेन्सला मोजायचं होतं की वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती खाली येते. हे मोजताना तो गोल फिरणाऱ्या वस्तूंपर्यंत पोचला.

फिरणारी वस्तू केंद्रापासून दूर जाऊ पाहते, हे देकार्तनं सांगितलं होतं. पण किती जोरानं, हे कुणी सांगितलं नव्हतं. हायगेन्सनं त्यासाठी एक चित्र डोळ्यांसमोर आणलं.

एक मोठं चाक एकाच चालीनं फिरतंय. त्याच्या कडेवर एक माणूस उभा आहे. त्याच्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. आता दोरी तुटली तर?

गोळा सरळ रेषेत जाईल, म्हणजे त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे होतं तिकडे. पण माणूस स्वतः चाकाबरोबर वळतोय. त्यामुळे गोळा आपल्यापासून बाहेरच्या बाजूला चाललाय, असं त्याला दिसेल. हे अंतर कसं वाढतं, ते हायगेन्सनं काढलं. सुरुवातीच्या अगदी थोड्या वेळात ते 1, 4, 9, 16 अशा प्रमाणात वाढतं. दुप्पट वेळात चौपट, तिप्पट वेळात नऊपट.

हा क्रम त्याच्या ओळखीचा होता. वरून सोडलेली वस्तूही याच प्रमाणात खाली येते, हे गॅलिलिओनं आधीच दाखवलं होतं. मग हायगेन्सनं निष्कर्ष काढला की फिरणाऱ्या दोरीतला ताण आणि टांगलेल्या वजनामुळे दोरीत येणारा ताण, दोन्ही एकाच जातीचे आहेत. म्हणजे एक दुसऱ्याच्या हिशेबात मोजता येतो.

नियम असा निघाला : चाल दुप्पट केली तर ताण चौपट होतो. चाल तीच ठेवून वर्तुळ दुप्पट मोठं केलं तर ताण निम्मा होतो. घाटातल्या वळणावर 30 च्या जागी 60 नं गाडी घातली तर टायरला चौपट पकड लागते, ती याच नियमानं.

यातली खरी गंमत अशी की स्पीडोमीटरचा काटा जागचा हलला नाही तरी वळणावर गती बदलत असते, कारण दिशा बदलते. दिशा बदलायची तर बल लागतंच.

या नियमाच्या आधारानं हायगेन्सनं गुरुत्वाकर्षणाचा आकडाही काढला. आजच्या मापात तो 9.8 च्या अगदी जवळ येतो.

पृथ्वी फिरते, मग आपण फेकले का जात नाही?

त्या काळी पृथ्वी फिरते हे न मानणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न होता. गॅलिलिओचं उत्तर होतं की पृथ्वी कितीही जोरात फिरली तरी वस्तू उडणार नाहीत. ते चूक होतं. हायगेन्सच्या नियमानं त्याचा हिशेब लागला. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे वजन 289 व्या भागाइतकं कमी होतं, म्हणजे किलोमागे साधारण साडेतीन ग्रॅम. पृथ्वी 17 पट वेगानं फिरली असती, तर विषुववृत्तावर वस्तूला वजनच उरलं नसतं.

मग हे छापलं का नाही?

हायगेन्सची एक सवय होती. पूर्ण समाधान झाल्याशिवाय तो काही प्रसिद्ध करत नसे. वर्तुळाकार गतीवरचं लिखाण त्यानं असंच बाजूला ठेवून दिलं.

1666 मध्ये फ्रान्सचा राजा 14 वा लुई यानं त्याला पॅरिसच्या नव्या विज्ञान अकादमीत बोलावलं. राहायला जागा आणि चांगलं मानधन मिळालं. 1672 मध्ये याच लुईनं नेदरलँड्सवर हल्ला केला. हायगेन्सचा भाऊ त्या वेळी फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या डच राजपुत्राचा सचिव होता. हायगेन्स मात्र पॅरिसमध्येच राहिला. पुढच्याच वर्षी लंबकाच्या घड्याळावरचं त्याचं मोठं पुस्तक आलं आणि ते त्यानं लुईलाच अर्पण केलं होतं.

त्या पुस्तकाच्या शेवटी त्यानं वर्तुळाकार गतीचे 13 नियम दिले. फक्त नियम. सिद्धता एकाचीही नाही.

न्यूटन पुढे निघून गेला

इंग्लंडमध्ये तरुण न्यूटननं हाच नियम 1660 च्या दशकात स्वतंत्रपणे शोधला होता. त्यानंही तो छापला नव्हता. पण न्यूटन पुढे गेला. ग्रहांच्या फेऱ्यांबद्दल केप्लरचा नियम आणि हा नियम एकत्र ठेवले की सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गानं कमी होतं, हे निघतं. हायगेन्सकडेही दोन्ही नियम होते. पण ग्रह एका सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यात फिरतात, ही देकार्तची कल्पना त्याच्या मनात पक्की होती. रिकाम्या जागेतून दुरूनच ओढणारं बल त्याला पटत नव्हतं.

1687 मध्ये न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' आलं. हायगेन्सनं बाहेरच्या ओढीला अपकेंद्री बल म्हटलं होतं. न्यूटननं त्याच धर्तीवर केंद्राकडे खेचणाऱ्या बलाला नाव दिलं अभिकेंद्री बल. हायगेन्सच्या शोधाचं श्रेयही त्यानं पुस्तकात दिलं.

आज भौतिकशास्त्र न्यूटनच्या बाजूनं बघतं. रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर वळणाऱ्या गाडीतल्या माणसाला बाहेर कुणी ढकलत नाही. तो सरळ जाऊ पाहतो आणि दार त्याला आत वळवतं. पण गाडीत बसून हिशेब मांडायचा तर हायगेन्सचं बाहेरचं बल धरावंच लागतं. त्यानं चाकावरच्या माणसाच्या नजरेतून पाहिलं होतं, हे लक्षात ठेवलं की परीक्षेतला हा गोंधळ मिटतो.

शेवट

पॅरिसमध्ये हायगेन्स वारंवार आजारी पडायचा. 1681 मध्ये तो घरी परतला. दोन वर्षांनी त्याला फ्रान्समध्ये आणणारा मंत्री कोल्बेर वारला. 1685 मध्ये लुईनं प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले. प्रोटेस्टंट हायगेन्स परत पॅरिसला गेलाच नाही. 1689 मध्ये लंडनला जाऊन तो न्यूटनला मात्र भेटून आला.

त्यानं लग्न केलं नाही. 8 जुलै 1695 ला द हेगमध्ये तो गेला. कागदपत्रं त्यानं लायडन विद्यापीठाला दिली होती. त्यातून 1703 मध्ये वर्तुळाकार गतीवरचं लिखाण अखेर सिद्धतेसह छापलं गेलं. तोवर 44 वर्षं उलटली होती आणि न्यूटनचं नाव जगभर झालं होतं.

14 जानेवारी 2005 ला एक यान टायटनवर उतरलं. त्याचं नाव हायगेन्स. मूळ यानापासून वेगळं करताना त्याला मुद्दाम स्वतःभोवती गोल फिरवून सोडलं होतं, म्हणजे वाटेत त्याची दिशा ढळणार नाही.