ज्यू फुटबॉलपटू बेला गुटमान आणि अमेरिकेतील बंद पडलेली लीग



आपल्या नातवंडांपैकी बरीच मुले-मुली आज सॉकर खेळतात. सामना शनिवारी आला की शब्बाथ की सॉकर, असा वाद अनेक घरांत होतो. परंतु याच अमेरिकेत, १९२६ साली, छातीवर मागेन दावीद लावून एक ज्यू संघ न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर उतरला होता आणि तो सामना पाहण्यास ४६ हजार लोक जमले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या संघात बेला गुटमान नावाचा एक हंगेरियन ज्यू खेळाडू होता. पुढे जगभर गाजलेल्या या माणसाचे जीवन आपल्यासारख्या देशांतर केलेल्या लोकांना बरेच काही सांगून जाते, म्हणून त्यांची माहिती येथे देत आहे.

बेला गुटमान यांचा जन्म २७ जानेवारी १८९९ रोजी बुडापेस्ट येथे झाला. आई-वडील दोघेही नृत्यशिक्षक होते. सोळाव्या वर्षी बेला यांनी स्वतःही नृत्यशिक्षकाची पात्रता मिळवली. पण मन फुटबॉलमध्ये होते. बुडापेस्टच्या एम. टी. के. या नामांकित क्लबमध्ये ते सेंटर-हाफ म्हणून खेळू लागले. या क्लबमध्ये ज्यू खेळाडू आणि ज्यू चाहते पुष्कळ होते. संघाने हंगेरीचे अजिंक्यपद मिळवले, बेला यांची राष्ट्रीय संघात निवड झाली. नृत्याच्या शिक्षणाने त्यांची पावले हलकी झाली होती, असे त्यांचा खेळ पाहणारे म्हणत.

परंतु पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूद्वेषाची लाट आली. १९२० मध्ये विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करणारा कायदा झाला. रस्त्यावर मारहाण होऊ लागली. अशा वातावरणात १९२२ साली गुटमान व्हिएन्नाला गेले आणि हाकोआह या क्लबमध्ये दाखल झाले. हाकोआह म्हणजे सामर्थ्य. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबमध्ये सर्व खेळाडू ज्यू होते. ज्यू माणूस पुस्तकात डोके घालून बसणारा, अंगाने दुबळा, हा समज खोटा ठरवावा असा त्यांचा बाणा होता. १९२३ साली या संघाने लंडनला जाऊन वेस्ट हॅम युनायटेडचा ५-० असा पराभव केला.

१९२४-२५ च्या मोसमात हाकोआहने ऑस्ट्रियाचे अजिंक्यपद पटकावले. निर्णायक सामन्यात गोलरक्षक फाबियान यांचा हात जायबंदी झाला. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. त्यांनी हात गळ्यात बांधून घेतला, गोल सोडून ते पुढच्या फळीत गेले आणि विजयाचा गोल त्यांनीच मारला! परिचारिका म्हणून सांगते, मी अशा माणसाला मैदानावर पाऊल ठेवू दिले नसते. पण त्यांच्या जिद्दीला मात्र नमस्कारच केला पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, हाकोआहचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. १ मे रोजी पोलो ग्राउंड्सवर झालेल्या सामन्याची गर्दी वर सांगितलीच. अमेरिकेत फुटबॉलच्या एखाद्या सामन्याला एवढे प्रेक्षक पुन्हा येण्यास १९७७ साल उजाडावे लागले. आलेल्यांमध्ये न्यूयॉर्कचे ज्यू मोठ्या संख्येने होते. युरोपातून येऊन शिवणकाम, फेरीचा धंदा, छोटी दुकाने यांवर पोट भरणाऱ्या त्या लोकांना आपल्या माणसांना अशा मानाने खेळताना पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

दौरा संपला, पण काही खेळाडूंचे मन येथेच रमले. अमेरिकेत पगार चांगला होता आणि रस्त्यात कोणी ज्यू म्हणून अंगावर धावून येत नव्हते. गुटमान यांनी न्यूयॉर्क जायंट्स या संघाशी करार केला. अशा रीतीने ते अमेरिकन सॉकर लीगचे खेळाडू झाले.

या लीगबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. ती १९२१ साली सुरू झाली. तिचे अनेक संघ गिरण्या आणि कारखान्यांच्या गावांतून आलेले होते. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम स्टील हा पोलाद कारखान्याचा संघ होता. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचे गाव होते आणि तेथील मार्क्समेन संघ वारंवार अजिंक्य ठरे. ऱ्होड आयलंडमधील जे. अँड पी. कोट्स या दोऱ्याच्या गिरणीच्या संघाने १९२२-२३ चे अजिंक्यपद मिळवले. आपल्या आया-आज्यांच्या शिवणाच्या डब्यात कोट्सच्या दोऱ्याचे रीळ असे, तीच ही कंपनी! मुंबईत मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा यांचे संघ कूपरेजवर खेळताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना गिरणीचा संघ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. स्कॉटलंडचे उत्तम खेळाडू अधिक पगारासाठी येथे येत. बेथलेहेमच्या आर्ची स्टार्क यांनी १९२४-२५ च्या एका मोसमात ६७ गोल केले.

एवढी भरभराटीला आलेली लीग टिकली मात्र बारा वर्षे. पहिला घाव आपसांतील भांडणाचा होता. राष्ट्रीय चॅलेंज कपच्या सामन्यांवरून १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय संघटना यांच्यात तंटा झाला. लीगने आपल्या संघांना कपवर बहिष्कार घालण्यास सांगितले. जायंट्स, बेथलेहेम आणि नेवार्क या तीन संघांनी ते ऐकले नाही, तेव्हा लीगने त्यांना काढून टाकले. त्यावर संघटनेने लीगच बेकायदा ठरवली आणि पूर्व भागासाठी दुसरी लीग उभी केली. दोन्हीकडे प्रेक्षक विभागले गेले, पैसा बुडाला. ऑक्टोबर १९२९ मध्ये समेट झाला आणि त्याच महिन्यात वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला. गिरण्या बंद पडू लागल्या, मालकांनी हात आखडता घेतला. १९३० मध्ये बेथलेहेमचा संघ बंद झाला आणि १९३३ मध्ये ती लीगही संपली. त्याच नावाने दुसरी लीग लगेच सुरू झाली, पण पहिलीची ऐट तिला कधी आली नाही. मंडळे आणि संस्था चालवणाऱ्या आपण सर्वांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाहेरचे संकट कधी ना कधी येतेच, पण आधी आपसांत भांडून अशक्त झालेल्या संस्थेला ते सोसवत नाही.

या धुमश्चक्रीत गुटमान न्यूयॉर्क हाकोआह या ज्यू खेळाडूंच्या संघात आले. १९२९ साली या संघाने सेंट लुईसच्या संघाला हरवून राष्ट्रीय चॅलेंज कप जिंकला. मैदानाबाहेरही गुटमान स्वस्थ बसणारे नव्हते. ते दारूबंदीचे दिवस होते आणि एका चोरट्या मद्यालयात त्यांनी भागीदारी घेतली होती. पैसा चांगला मिळाला, तो त्यांनी शेअर बाजारात घातला आणि १९२९ च्या पडझडीत त्यातला बहुतेक गेला. लीग शेवटच्या घटका मोजत असताना, १९३२ मध्ये, ते व्हिएन्नाला परत गेले.

येथे वाचताना आपला जीव कळवळतो. अमेरिकेत राहिले असते तर पुढचे सारे टळले असते, असे आपण आज सहज म्हणू. परंतु १९३२ मध्ये हिटलर अजून सत्तेवर आलेला नव्हता. येथे काम नव्हते, तेथे ओळखीची माणसे होती आणि भाषा होती. आपल्यापैकी प्रत्येकाने मुंबई, पुणे किंवा कोकण सोडताना, आणि कोणी इस्राएलहून येथे येताना, हाच हिशेब मांडला होता. माणूस समोर दिसते तेवढ्यावरूनच ठरवतो. त्यांना बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने जर्मनीतील फुटबॉलची नव्याने मांडणी केली. गाउलिगा नावाच्या १६ प्रादेशिक लीग करण्यात आल्या. ज्यू खेळाडू क्लबांमधून काढले गेले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि तेथील लीग गाउलिगा ओस्टमार्क झाली. व्हिएन्नाचे क्लब जर्मन स्पर्धेत खेळू लागले. १९४१ मध्ये रॅपिड व्हिएन्नाने तर जर्मनीचे अजिंक्यपदही जिंकले. हाकोआहला मात्र त्यात जागा नव्हती. क्लब बरखास्त झाला, मैदान हिसकावले गेले, त्या मोसमातील त्यांचे निकालही रद्द करण्यात आले. संघाचे एके काळचे कप्तान माक्स शॉयर यांचा आउश्वित्झमध्ये अंत झाला. १९४५ मध्ये जर्मनीच्या पराभवाबरोबर गाउलिगाही संपल्या. अमेरिकन लीग बुडाली याचे वाईट वाटते, या लीग बुडाल्या याचे कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही.

गुटमान तोवर प्रशिक्षक झाले होते. बुडापेस्टच्या उयपेश्त संघाला त्यांनी १९३९ मध्ये हंगेरीचे अजिंक्यपद आणि मध्य युरोपातील क्लबांचा मित्रोपा कप मिळवून दिला. पण ज्यूविरोधी कायद्यांनी त्यांचे काम हिरावले. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरले आणि काही महिन्यांतच चार लाखांहून अधिक ज्यूंना आगगाड्यांत कोंबून पाठवण्यात आले. गुटमान यांच्या पत्नी ज्यू नव्हत्या. त्यांच्या भावाने गुटमान यांना एका माळ्यावर लपवून ठेवले. नंतर ते सक्तमजुरीच्या छावणीत सापडले व तेथे त्यांचे अतोनात हाल झाले. डिसेंबर १९४४ मध्ये पुढची रवानगी होण्याच्या सुमारास ते आणि दुसरे ज्यू प्रशिक्षक एर्नो एर्बस्टाइन काही साथीदारांसह तेथून निसटले. गुटमान यांचे वडील, बहीण आणि अनेक आप्त मात्र नाझींच्या हातून मारले गेले.

पुढे आयुष्यभर ते या दिवसांविषयी फारसे बोलले नाहीत. नोकरीच्या काळात अशी माणसे मी वॉर्डात पाहिली आहेत. दंडावर क्रमांक गोंदलेला, पण विचारले तर विषय बदलणारी. जखम वरून भरलेली असते, आत काय आहे ते त्यांनाच ठाऊक. गुटमान यांचा तिरसट स्वभाव, एका जागी न टिकणे, कोणाचा हुकूम सहन न होणे, या गोष्टींकडे मी त्याच नजरेने पाहते.

युद्धानंतर त्यांची भ्रमंती सुरू झाली. बुखारेस्टच्या एका ज्यू क्लबात अन्नटंचाईमुळे ते पगाराचा काही भाग भाजीपाल्याच्या रूपात घेत. बुडापेस्टला सुप्रसिद्ध पुश्काश यांच्याशी सामना चालू असतानाच खटका उडाला, तेव्हा त्यांनी तो संघ तिथल्या तिथे सोडला. इटलीत मिलान संघ गुणतक्त्यात पहिला असताना १९५५ मध्ये त्यांना काढण्यात आले. त्यानंतर संघ पहिल्या स्थानी असेपर्यंत आपल्याला काढता येणार नाही, अशी अट ते करारात घालू लागले! १९५७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो क्लबला त्यांनी राज्याचे अजिंक्यपद मिळवून दिले. पुढच्या वर्षी ब्राझीलने ज्या ४-२-४ रचनेने विश्वचषक जिंकला, तिच्या प्रसारात गुटमान यांचा वाटा होता असे मानतात.

त्यांच्या कीर्तीचा कळस पोर्तुगालमध्ये झाला. १९५९ मध्ये पोर्तो संघाला अजिंक्यपद मिळवून देऊन ते लिस्बनच्या बेनफिका क्लबमध्ये गेले. मोझांबिकच्या एका तरुण खेळाडूची तारीफ त्यांनी न्हाव्याच्या दुकानात ऐकली आणि त्याला लगेच बेनफिकात आणवले. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला युसेबियो. १९६१ मध्ये बर्न येथे बार्सेलोनाला ३-२ असे हरवून बेनफिकाने युरोपियन कप जिंकला. १९६२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे रेआल माद्रिदच्या पुश्काश यांनी, होय त्याच पुश्काश यांनी, पहिल्या सत्रात तीन गोल केले. तरीही बेनफिकाने तो सामना ५-३ असा फिरवला.

यानंतर गुटमान यांनी पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली आणि ते निघून गेले. जाताना बेनफिका शंभर वर्षे युरोपचे विजेतेपद मिळवणार नाही, असा शाप त्यांनी दिला अशी आख्यायिका आहे. १९६३ ते २०१४ या काळात बेनफिका युरोपातील आठ अंतिम सामने हरला, हे मात्र खरे. १९९० चा अंतिम सामना व्हिएन्नात होता, तेव्हा युसेबियो यांनी गुरूच्या कबरीवर जाऊन प्रार्थना केली, तरी संघ हरलाच. माझा शापावर विश्वास नाही. चांगल्या माणसाची किंमत वेळेवर केली नाही की संस्थेचे नुकसान होते, एवढाच अर्थ मी त्यातून घेते. बेनफिकाने २०१४ मध्ये आपल्या स्टेडियमवर दोन्ही कपांसह त्यांचा पुतळा उभारला.

बेला गुटमान यांचे २८ ऑगस्ट १९८१ रोजी व्हिएन्ना येथे निधन झाले. तेथील मध्यवर्ती दफनभूमीच्या ज्यू विभागात त्यांची कबर आहे. एलोहीम त्यांच्या आत्म्यास शांती देवो.

ते ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळले तिची मैदाने गेली, पोलो ग्राउंड्सच्या जागी १९६० च्या दशकात घरांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु तो राष्ट्रीय चॅलेंज कप यू. एस. ओपन कप या नावाने चालू राहिला आहे. त्याच्या विजेत्यांच्या यादीत १९२९ या वर्षापुढे न्यूयॉर्क हाकोआह हे नाव आहे. सॉकर खेळणाऱ्या नातवंडांना ते अवश्य दाखवावे, आणि हाकोआह या शब्दाचा अर्थही सांगावा.