दीनबंधू अँड्र्यूज यांचा शेजारधर्म

परमुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाचा कैवार कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय मजुरांच्या बाबतीत तो उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले ते एका इंग्रज धर्मोपदेशकाने.

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचा जन्म १८७१ साली न्यूकॅसल येथे झाला. केंब्रिजचे शिक्षण आटोपून १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. तेथील प्राचार्यपद आपल्याकडे न येता सुशीलकुमार रुद्र या भारतीय सहकाऱ्याकडे जावे, असा आग्रह त्यांनी धरला.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विनंतीवरून जानेवारी १९१४ मध्ये ते दरबानला पोहोचले. गोदीवरच त्यांनी गांधीजींना वाकून नमस्कार केला. तेथील गोऱ्या समाजाला तो आपला अपमान वाटला. गांधी आणि स्मट्स यांच्यातील समेटास त्यांनी हातभार लावला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने गिरमिटमुक्त हिंदी मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द झाला.

१९१५ मध्ये ते विल्यम पिअर्सन यांच्यासह फिजी बेटांत गेले. तेथील उसाच्या मळ्यांत करार मोडणे हा फौजदारी गुन्हा होता आणि शंभर पुरुषांमागे अवघ्या चाळीस स्त्रिया पाठविण्याचा नियम होता. त्यातून निपजलेल्या हिंसेचे व नैतिक अधःपाताचे चित्र त्यांच्या अहवालाने देशापुढे ठेवले. १९१७ मध्ये मजूरभरती थांबली; १९२० च्या आरंभी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. मजुरांनी त्यांना दीनबंधू मानले.

तथापि त्यांची खरी कसोटी निराळीच होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन पूर्व आफ्रिका भारतीयांना वसाहत म्हणून मिळावी, अशी मागणी पुढे आली. भारतीयांच्या या मित्राने तिला विरोध केला; कारण ती भूमी आफ्रिकी लोकांची होती. स्थलांतरिताला न्याय मिळावा, पण त्याने मूळ रहिवाशाच्या उरावर बसू नये, ही त्यांची भूमिका होती.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ताने सांगितलेला शेजारी त्यांनी वंशात वा राष्ट्रात शोधला नाही. जेथे जो दुबळा, तेथे तोच त्यांचा शेजारी ठरला. स्वदेशप्रेमाला ही कसोटी लावण्याचे धैर्य आजही दुर्मिळच आहे.