शेठ वालचंद आणि ब्रेकमधील हवा

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस जुनी पिकअप गाडी उभी आहे, मागल्या चाकाआड मिस्त्री वाकला आहे व आंत बसलेला पोऱ्या त्याच्या सांगण्याबरहुकूम पेडल दाबीत आहे, हें दृश्य आमच्या वाचकांस नवें नाहीं. अशा गाड्या आपल्या देशांत तयार व्हाव्या म्हणून ज्या पुरुषानें जिवाचें रान केलें, त्याचें नांव याच इंदापूर तालुक्यांतील एका वसाहतीस मिळालें आहे. त्या शेठ वालचंद हिराचंदांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापूर येथें एका जैन व्यापारी कुटुंबांत झाला. घरच्या पेढींत त्यांचें मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत त्यांनीं रेल्वेचीं कंत्राटें घेतलीं. बार्शी लाइट रेल्वेच्या लहानशा कामापासून आरंभ होऊन पुढें बोरघाटांतील बोगद्यांपर्यंत मजल गेली. १९१९ सालीं त्यांच्या सिंदिया कंपनीचें ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालें. परकी कंपन्यांनीं दर पाडून सिंदियास बुडवूं पाहिलें; पण शेठजी हटले नाहींत. इकडे कळंबच्या माळावर ऊस पिकवून त्यांनीं साखरेचा कारखाना उभारला. तेंच आजचें वालचंदनगर होय.

१९४० मध्यें बंगळूरचा विमान कारखाना व १९४१ मध्यें विशाखापट्टणची जहाजगोदी त्यांनीं सुरू केली. मोटारीच्या कारखान्याची वाट मात्र बिकट होती. सर विश्वेश्वरय्या यांनीं मांडलेली ही योजना त्यांनीं उचलून धरली. युद्धकाळांत सरकारनें साह्य नाकारलें. तरीहि १९४४ मध्यें त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या.

क्रायस्लरनें १९२४ मध्येंच आपल्या मोटारीच्या चारहि चाकांस तेलाच्या दाबाचा ब्रेक बसविला होता. अशा गाडींत पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांवाटे तो दाब चाकांपर्यंत नेतें. तेल दाबून आकसत नाहीं. हवा मात्र आकसते. म्हणून नळींत हवा शिरली, कीं पायाचा जोर बुडबुड्यांतच जिरतो आणि पेडल मऊ पडतें.

ही हवा काढण्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. चाकामागील निपलावर रबरी नळी चढवून तिचें टोंक थोडें ब्रेकचें तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. सोबत्यानें पेडल सावकाश दाबून धरावें, मग निपल किंचित् सैल करावें. तेलाबरोबर बुडबुडे निघतात. निपल आवळल्यावांचून पेडल सोडूं नये. सोडल्यास हवा पुन्हां आंत ओढली जाते. निव्वळ तेल येईपर्यंत हेंच करावें व मग पुढचें चाक घ्यावें. टाकी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये, निघालेलें तेल पुन्हां घालूं नये. इंजिनचें तेल तर मुळींच घालूं नये, कारण त्यानें आंतील रबर फुगून निकामी होतें. शेवटीं पेडल टणक लागलें, कोठें गळती नाहीं, अशी खात्री करून गाडी प्रथम मोकळ्या जागीं हळू चालवून पाहावी.

१९४९ मध्यें शेठजींना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजरातेंतील सिद्धपूर येथें त्यांचा देहान्त झाला. जहाज, विमान व मोटार हीं तिन्ही या भूमींत घडावीं, ही त्यांची आकांक्षा होती. परंतु कारखान्यांतून गाडी बाहेर पडली म्हणजे काम संपलें असें नव्हे. दिवेघाटाच्या उतारावर त्या गाडींतील माणसांचे प्राण, चाकामागें वाकलेल्या मिस्त्रीच्या व पेडल दाबून धरणाऱ्या मुलाच्या सचोटीवर अवलंबून असतात. तीन चाकें नीट केलीं, चौथें कोण पाहतो, असें म्हणण्याचा मोह ज्यास होत नाहीं, तोहि शेठजींचेंच कार्य पुढें चालवितो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे उद्यां हातांत पाना घेतील, त्यांनीं हें स्मरणांत ठेवावें.