मुसीचं पाणी आणि काठची माणसं

१५ सप्टेंबर आला की आपण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, दोन भाषणं ऐकतो आणि मेसच्या रांगेत उभे राहतो. पण या माणसाचं एक काम ज्या संस्थानात झालं, त्याच निजामाच्या संस्थानात तेव्हा आपलं परतूरही होतं.

म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. शिकवण्या करून ते बंगळूरला बी.ए. झाले आणि १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनिअर झाले. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे अशी नोकरी केली. खडकवासल्याला १९०३ साली बसवलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. १९०८ मध्ये नोकरी सोडून ते परदेशी गेले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीने हाहाकार केला. सुमारे १५,००० माणसं गेली असं सांगतात. हा आकडाही अंदाजाचाच. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. १९०९ मध्ये ते आले आणि आधी मोजायला बसले. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस पडला होता. वरच्या पाणलोटात ७८८ तलाव, त्यातले २२१ फुटले. पुराचा कमाल विसर्ग निघाला ४.२५ लाख क्युसेक. उपाय मग सरळ होता: पाणी शहराच्या वरच अडवायचं. त्यातून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर उभा राहिला. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १९६२ साली, वयाची शंभरी पार करून, ते गेले.

आता मुद्द्याचं. पाणी किती येईल, हे झालं अर्धं गणित. ते किती माणसांच्या दारात येईल, हे उरलेलं अर्धं. ते आता आपण सोडवायचं आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही रेषा गावाच्या नकाशावर ठेवायची आणि जनगणनेचा आकडा घ्यायचा. समजा गाव २,००० वस्तीचं आहे आणि गावठाणाचा चौथा भाग रेषेच्या आत येतो. मग ५०० माणसं धोक्यात. सोपं आहे ना?

सोपं आहे, पण फसवं. गावात माणसं सारखी पसरलेली नसतात. ओढ्याकाठच्या वस्तीत घराला घर चिकटलेलं असतं, म्हणून तिथले लोक ५०० पेक्षा जास्तही निघतील. त्यासाठी क्षेत्रफळाऐवजी घरं मोजावी लागतात.

दुसरी गोम आपल्याच भागातली. २०११ ची शिरगणती झाली फेब्रुवारीत. त्या दिवसांत जालना-बीडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर असतात. मोजणीच्या सगळ्या काळात जो गावी नाही, तो गावच्या आकड्यात धरला जात नाही. पूर मात्र पावसाळ्यात येतो, तेव्हा हीच कुटुंबं घरी असतात. म्हणजे होड्या, धान्य, निवाऱ्याची जागा यांचा हिशोब नेमका गरिबांसाठी कमी पडतो. २०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने काय भोगलं, ते आपण पाहिलं. परतूर तालुका दुधनेच्या खोऱ्यात आहे. सिव्हिलच्या मुलांनी एखादं गाव घ्यावं, पूररेषा आखावी, कॉम्प्युटरवाल्यांनी घरं मोजावीत आणि पावसाळ्यात दारोदार जाऊन आकडा पडताळावा. पाणी मोजायची रीत विश्वेश्वरय्यांनी घालून दिली आहे, माणसं मोजायचं काम आपलं.