लाकडाच्या व्यापारातून रशियन संगीताकडे : मित्रोफान बेल्यायेव

रशियन संगीताचे प्रकाशक मित्रोफान पेत्रोविच बेल्यायेव यांचा जन्म १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील एका धनाढ्य लाकूड व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडिलोपार्जित व्यवसाय सांभाळत असतानाच ते हौशी वादकांच्या मेळाव्यांत व्हायोला वाजवीत असत.

१८८२ मध्ये अलेक्सांद्र ग्लाझुनोव या सोळा वर्षांच्या मुलाची पहिली सिंफनी त्यांच्या कानी पडली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. तीच रचना पुन्हा ऐकण्यासाठी ते मॉस्कोला गेले. पुढे त्यांनी व्यापारातून अंग काढून घेतले.

त्या काळी रशियात छापलेल्या संगीताला परदेशात कायद्याचे संरक्षण नव्हते. कोणीही ते छापावे, संगीतकाराच्या हाती काहीच पडत नसे. हे ओळखून बेल्यायेव यांनी १८८५ मध्ये आपली प्रकाशन संस्था जर्मनीतील लाइपझिग येथे स्थापन केली. एखादी वाद्यवृंद रचना स्वीकारली, की तिची संपूर्ण संहिता, प्रत्येक वादकाची स्वतंत्र प्रत आणि पियानोवर दोघांनी वाजविण्यासाठीचे रूपांतरही ते छापीत. बोरोदिन यांचा 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा त्यांनीच प्रकाशित केला. तरुण स्क्रियाबिन यांनाही त्यांनी हात दिला.

ग्लिंका पारितोषिकांसाठी त्यांनी निधी दिला, मात्र स्वतःचे नाव गुप्त ठेवले. रशियन सिंफनी मैफलींना श्रोते थोडेच येत. तोटा ते सोसत. स्वतःचा गाजावाजा टाळण्याचा हा स्वभाव कधी कधी कार्याला मारकही ठरे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातील दोन मैफलींची पुरेशी जाहिरात त्यांनी केली नाही. ज्यांना गोडी आहे ते येतीलच, अशी त्यांची समजूत होती. परिणामी सभागृह भरले नाही.

त्यांच्या शुक्रवारच्या मेळाव्यांत जमणाऱ्या वर्तुळाची अभिरुची हळूहळू एका साच्यात स्थिरावली, हा आक्षेपही निराधार म्हणता येणार नाही. आश्रयदाता एकच असला, की असे घडते.

१९०४ च्या प्रारंभी बेल्यायेव यांचे निधन झाले. मृत्युपत्रानुसार संस्थेचा कारभार रिम्स्की-कोर्साकोव, ग्लाझुनोव आणि ल्यादोव या संगीतकारांच्या विश्वस्त मंडळाकडे आला. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातील संगीत प्रकाशन संस्थांचे राष्ट्रीयीकरण झाले. लाइपझिग येथे नोंदलेली ही संस्था मात्र परदेशात चालू राहिली.