बाईच्या दुखण्याचे मूळ शोधताना : डॉ. कॅरेन हॉर्नाय

१९११ सालच्या फेब्रुवारीत कॅरेन हॉर्नायची आई वारली आणि मार्चच्या अखेरीस तिला पहिली मुलगी झाली. पंचविशीतली कॅरेन तेव्हा बर्लिनमध्ये वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या परीक्षांच्या तयारीत होती. आई गेल्याचे दुःख ताजे, मांडीवर तान्हे मूल आणि समोर पुस्तके. अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, या तक्रारी तर बाळंतपणाच्याही आधीच्या. त्यासाठी १९१० मध्येच तिने डॉ. कार्ल अब्राहम यांच्याकडे उपचार सुरू केले होते. अब्राहम म्हणजे फ्रॉइडचे जवळचे शिष्य. त्यांनी तिच्या थकव्याचे मूळ लहानपणी वडिलांविषयी वाटलेल्या ओढीत शोधले. या उपचाराने कॅरेनला स्वतःच्या मनाकडे बघायची सवय लागली, पण थकवा गेला नाही. आपली ही शंका तिने डायरीत लिहून ठेवली.

बाळंतपणानंतर तपासणीला येणाऱ्या बायका आजही याच तक्रारी सांगतात. त्यांचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायलाच हवे. पण दोन्ही ठीक निघाले की विचारपूस तिथेच थांबते. ती पुढे कशी न्यायची, हे शोधण्यात कॅरेनचे पुढचे आयुष्य गेले.

तिचा जन्म १८८५ चा, हॅम्बुर्गजवळच्या ब्लांकेनेझे गावातला. वडील जहाजाचे कप्तान, कर्मठ आणि तापट. आई त्यांच्याहून बरीच लहान आणि संसारात दुःखी. मोठ्या भावाचे कौतुक व्हायचे, कॅरेन मात्र आपण नकोशा आहोत असे समजून वाढली. तेरा-चौदा वर्षांची असतानाच तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांचे मन वळवायला बरेच दिवस लागले. १९०६ मध्ये ती फ्रायबुर्ग विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाली. मुलींना प्रवेश देणारी विद्यापीठे तेव्हा जर्मनीत थोडीच होती. १९०९ मध्ये ऑस्कर हॉर्नायशी लग्न झाले. १९११, १९१३ आणि १९१६ मध्ये तीन मुली झाल्या आणि या सगळ्यात १९१५ ला एम.डी.चा प्रबंधही पुरा झाला.

१९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचा दवाखाना आणि शिक्षणसंस्था सुरू झाली. ज्याला जेवढे झेपेल तेवढी फी, नाही झेपली तर फुकट, असा तिथला रिवाज होता. कॅरेन या संस्थेच्या पहिल्या शिक्षकांपैकी एक. तिच्याकडे येणाऱ्या बायकांच्या तक्रारी ओळखीच्या होत्या. नवऱ्याबद्दलची चीड, मुलावर नाहक ओरडल्याचा अपराधभाव, मूल जन्मले तरी माया का वाटत नाही याची भीती.

या सगळ्याला फ्रॉइडप्रणीत शास्त्राचे एक ठरीव उत्तर होते. मुलगी लहान असतानाच आपल्याला मुलासारखे लिंग नाही हे तिच्या लक्षात येते, तिला मत्सर वाटतो आणि मूल होण्याची तिची इच्छा हीसुद्धा त्या उणिवेची भरपाई असते. १९२२ मध्ये बर्लिनच्या परिषदेत खुद्द फ्रॉइड अध्यक्षस्थानी असताना कॅरेनने या विषयावर निबंध वाचला आणि सभ्य शब्दांत मतभेद नोंदवला. १९२६ च्या लेखात तिने सभ्यपणा ठेवला, पण आडपडदा ठेवला नाही. मानसशास्त्र पुरुषांनी लिहिले आहे आणि बाईविषयीचे त्यातले सिद्धान्त लहान मुलग्याच्या मुलींबद्दलच्या कल्पनांशी तंतोतंत जुळतात, हे तिने दोन्ही शेजारी शेजारी मांडून दाखवले. वर हेही सांगितले, की पुरुष रुग्णांवर उपचार करताना त्यांच्या मनात गर्भारपण, प्रसूती आणि अंगावर पाजणे यांविषयी केवढा हेवा असतो, याचे तिला आश्चर्य वाटले होते. बाई पुरुषाचा हेवा करते तो मुख्यतः त्याला मिळणाऱ्या मोकळिकीचा आणि मानाचा. ही मोकळीक मागितली की तिला आजारी ठरवायचे, हे कॅरेनला मान्य नव्हते.

तिचे स्वतःचे घर तेव्हा कोसळत होते. १९२३ मध्ये भाऊ फुप्फुसाच्या आजाराने गेला. त्याच सुमारास चलनवाढीत नवऱ्याचा पैसा बुडाला, त्याला मेनिंजायटिस झाला आणि उठला तो वेगळाच, चिडका माणूस होऊन. त्या वर्षीच्या सुट्टीत ती समुद्रात पोहायला गेली आणि बराच वेळ परतली नाही. पाण्यातल्या एका खांबाला धरून, जगावे की नाही या विचारात ती सापडली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९२६ मध्ये तिन्ही मुलींना घेऊन तिने घर सोडले. रीतसर घटस्फोट बऱ्याच वर्षांनी झाला.

लग्नसंबंधांवरचे तिचे लेख याच वर्षांतले आहेत. माणूस लग्नात आपल्या बालपणीच्या सगळ्या अपुऱ्या मागण्या घेऊन येतो, कोणताही जोडीदार त्या पुऱ्या करू शकत नाही आणि मग निराशेचे बिल त्याच्या नावावर फाडले जाते, हा त्यांचा गाभा. आईपणाविषयी तिने १९३३ मध्ये लिहिले. आईचे स्वतःच्या आईवडिलांशी जे भांडण मिटलेले नसते, ते ती नकळत मुलांशी चालू ठेवते. अशा आईला मुलांवर प्रेम कर असे सांगून काही होत नाही, आधी तिचे ऐकून घ्यावे लागते.

हे सांगणारी बाई स्वतः मायाळू आई होती का? मुलींच्या आठवणी वेगळे सांगतात. ती मुलींच्या आयुष्यात ढवळाढवळ करत नसे, पण जवळही फारशी घेत नसे. धाकट्या दोघींना तिने मेलनी क्लाइन या प्रसिद्ध विश्लेषिकेकडे उपचारांना पाठवले. मुलींना त्याचा उपयोग कमी आणि वैताग जास्त झाला. मधली मरियान पुढे स्वतः मनोविकारतज्ज्ञ झाली आणि आईच्या या दूरपणाविषयी तिने मोकळेपणाने लिहिले.

१९३२ मध्ये कॅरेन शिकागोला गेली आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कला. महामंदीतल्या अमेरिकन रुग्णांच्या चिंता बर्लिनच्या रुग्णांपेक्षा वेगळ्या होत्या. मनाचा आजार समाजाच्या चालीरीतींतूनही येतो, हे तिचे मत इथे पक्के झाले. १९३७ आणि १९३९ च्या पुस्तकांत तिने फ्रॉइडच्या मुख्य कल्पना एकेक करून तपासल्या. परिणाम व्हायचा तोच झाला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या संस्थेने मतदान घेऊन नव्या विश्लेषकांना घडवण्याचा तिचा अधिकार काढला. ती सभेतून उठून गेली, चौघे सहकारी मागोमाग उठले आणि त्यांनी वेगळी संस्था काढली.

पुढच्याच वर्षीच्या, स्वतःच स्वतःच्या मनाचा शोध घेण्याविषयीच्या पुस्तकात क्लेअर नावाची रुग्ण आहे. ही क्लेअर म्हणजे बऱ्याच अंशी कॅरेनच, असे अभ्यासक मानतात. क्लेअर शिकलेली, नोकरीत हुशार, पण पीटर या मित्रावाचून तिचे पान हलत नाही. सुट्टीच्या बेताबद्दल तो उत्साह दाखवत नाही, तिचा दिवस काळवंडतो. तो एक सुंदर स्कार्फ भेट देतो, ती हरखून जाते. आणि मग एकाएकी गळून जाते. इथे क्लेअर थांबून स्वतःला विचारते, की एका स्कार्फने एवढा आनंद का व्हावा? हळूहळू तिला दिसते, की लहानपणी न मिळालेली सगळी आपुलकी ती या एका माणसाकडून वसूल करायला बसली आहे. अखेर ते नाते तुटते. त्या वेळी तिला त्रास होतोच, पण ती उभी राहते. यात जादू कुठेच नाही. कित्येक महिने एकच गाठ पुन्हा पुन्हा हाताळणे आहे, आणि मानसोपचार बहुतेक वेळा असेच चालतात.

१९५० च्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात तिने मनातल्या पाहिजेचच्या सत्तेविषयी लिहिले. मी सतत शांत राहिलेच पाहिजे, सगळ्यांना सांभाळलेच पाहिजे, कधी थकता कामा नये. माणूस स्वतःची एक निर्दोष मूर्ती करतो आणि तिच्यापुढे खऱ्या स्वतःला रोज अपराधी ठरवतो. पुस्तक सर्वांसाठी आहे, पण नव्या आईला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिच्या मांडणीला मर्यादा आहेत. तिचे रुग्ण थोडे आणि बरेचसे मध्यमवर्गीय होते. आजच्या अर्थाने तुलनात्मक चाचण्या तिने केल्या नाहीत. प्रसूतीनंतर संप्रेरकांत होणारा मोठा बदल तिच्या लिखाणात फारसा येत नाही. आज बाळंतपणानंतरच्या नैराश्यात संवादोपचार आणि गरज असेल तर औषधे, दोन्ही वापरतात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधे आहेत.

४ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. त्याच वर्षी ती झेन समजून घ्यायला जपानला जाऊन आली होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्या नावाने एक मानसोपचार दवाखाना उघडला. बर्लिनच्या त्या पहिल्या दवाखान्यासारखाच, खिसा फारसा भरलेला नसलेल्यांसाठी.